पॉइंट तुमचे, पण खर्च कुणाचा?

प्रश्न : नाशिकला माझं साड्यांचं दुकान आहे. सुरतेहून आणि येवल्याहून माल आणते. तीन वर्षं एकच क्रेडिट कार्ड वापरतेय, वर्षाला साधारण २२ लाख त्यावर फिरतात. १३ लाख दुकानाच्या खरेदीचे, ४ लाख घरचे आणि ५ लाख नात्यागोत्यातल्यांचे. दिरांनी एसी घेतला, भिशीतल्या मैत्रिणीने फ्रिज घेतला, की स्वाइप माझ्या कार्डावर आणि पैसे ते मला नंतर देतात. आता १,७६,००० पॉइंट साठलेत. शॉपिंग व्हाउचर घेतलं तर बँक पॉइंटला ३० पैसे देते. विमान कंपनीकडे वळवले तर २ पॉइंटला १ माइल (म्हणजे तिकिटासाठी चालणारा त्या कंपनीचा पॉइंट), आणि या महिनाअखेरपर्यंत वळवले तर २५ टक्के माइल्स जादा, असा मेसेज आलाय. मुलगी सिंगापूरला नोकरी करते, दिवाळीत आम्ही दोघांनी जायचं म्हणतोय. जाऊन-येऊन तिकीट एरवी माणशी ३४,०००, दिवाळीत ५२,००० दिसतंय. माइल्सने काढलं तर माणशी ४२,००० माइल्स आणि वर ९,००० रुपये कर. सगळे पॉइंट लगेच वळवून टाकू का? दुसरं, भाचा म्हणतो पॉइंटवर इन्कम टॅक्स लागतो. मुलीची अमेरिकेतली मैत्रीणही तेच म्हणाली. आमचे सीए म्हणतात, काही दाखवायची गरज नाही. खरं काय? मिस्टरांना कंपनीचा एलटीए, म्हणजे सुटीतल्या प्रवासाचा भत्ता, मिळतो, तो या प्रवासाला चालेल का? आणि मालात पैसे अडकल्याने गेले दोन महिने कार्डाचं पूर्ण बिल भरता आलं नाही, मिनिमम भरलं. त्याने पॉइंटवर काही परिणाम होतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुम्ही जे सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारलंत, तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य तेच आहे.

मिनिमम ड्यू भरल्यामुळे तुमचं खातं थकीत धरलं जात नाही, पॉइंटही बहुधा जागेवर राहतील. पण व्याज बघा. बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. एक लाख रुपये बाकी राहिले, तर महिन्याचे ३,५०० व्याजाचे आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३०, मिळून ४,१३० रुपये गेले. आता त्याच एक लाखाच्या खरेदीवर तुम्हाला काय मिळालं? तुमच्या आकड्यांवरून तुमचं कार्ड दीडशे रुपयांना ४ पॉइंट देतं. म्हणजे २,६६६ पॉइंट, ३० पैशांनी ८०० रुपये. एका महिन्याच्या व्याजात पाच लाखांच्या खरेदीचे पॉइंट धुऊन गेले. शिवाय बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, स्वाइप केल्या दिवसापासून व्याज सुरू.

मालात पैसे अडकणं हे दुकानदारीत ठरलेलंच आहे, त्यात तुमचं काही चुकलं नाही. पण त्यासाठी कार्ड हे साधन नव्हे. दुकानाच्या चालू खात्यावर कॅश क्रेडिटची, म्हणजे गरजेपुरतं उचलायच्या कर्जाची, मर्यादा मागा, नाहीतर थोड्या दिवसांसाठी सोनेतारण कर्ज घ्या. दोन्हींचं व्याज कार्डाच्या मानाने फारच कमी असतं. सिंगापूरचा विषय ही बाकी फेडल्यावरच काढायचा. पॉइंट महिना-दोन महिन्यांत कुठे जात नाहीत.

आता कराबद्दल. तुमचे सीए आणि तुमचा भाचा दोघंही अर्धं अर्धं बरोबर बोलताहेत. आपल्या आयकर कायद्यात क्रेडिट कार्डाच्या पॉइंटसाठी म्हणून वेगळं कलम नाही. त्यामुळे पॉइंट मुळात कशाबद्दल मिळाले, हे बघावं लागतं. तुम्ही गिऱ्हाइकाला ५,००० च्या साडीवर २०० रुपये सोडता, तेव्हा त्या बाईंना २०० रुपयांचं उत्पन्न झालं असं कुणी म्हणत नाही. त्यांना साडी ४,८०० ला पडली, एवढंच. घरखर्चावर मिळालेले पॉइंट असेच, सूट म्हणून बघायचे. तुमच्या १,७६,००० पैकी घरखर्चाचे होतात ३२,०००. ते खुशाल वापरा, कुठे दाखवायचं कारण नाही.

पण तीच साडी एखाद्या दुकानदाराने पुढे विकायला घेतली तर? त्याच्या वहीत खरेदी ४,८०० चीच लिहिली पाहिजे. ५,००० लिहिली, तर २०० रुपयांचा खर्च त्याने न करताच नफ्यातून वजा केला. दुकानाच्या १३ लाखांच्या बाबतीत तुमचं नेमकं हेच होतंय. खरेदी पूर्ण वजा घेतली जाते, आणि त्या खरेदीवरची सूट बँकेच्या वाटेने तुमच्या घरच्या सहलीत जाते. धंद्यातून मिळालेला फायदा, पैशात असो वा वस्तूत, धंद्याचं उत्पन्न धरावा, हे तत्त्व १९६१ च्या कायद्यात कलम २८(चार) मध्ये होतं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण विचार तोच आहे.

रक्कम किती, हेही बघून टाकू, म्हणजे उगाच धास्ती राहणार नाही. दुकानाचे पॉइंट १,०४,०००. ३० पैशांनी ३१,२०० रुपये. तेही तीन वर्षांचे मिळून. पॉइंट नुसते साठलेले असतात तोवर बँक ते रद्दही करू शकते, किंमतही उतरवू शकते, म्हणून माझ्या मते ते ज्या वर्षी वापराल त्या वर्षी धरावेत. धंद्याच्या इतर उत्पन्नात ३१,२०० दाखवलेत आणि तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर सेससकट कर साडेसहा हजारांच्या आत. एवढ्यासाठी हिशेबात फट ठेवू नका. सीएंना सांगा, घरखर्चाबद्दल तुमचं बरोबर आहे, दुकानाच्या खरेदीबद्दल परत एकदा बघा. तुम्ही अनुमानित पद्धतीने, म्हणजे जुन्या ४४एडी प्रमाणे, उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा दाखवून रिटर्न भरत असाल, तर खरेदी तुम्ही वेगळी वजा मागतच नाही. मग या प्रश्नात फारसा दम उरत नाही. सीएंचा रोख कदाचित तिकडेच असेल, विचारून घ्या.

भाच्याने बहुधा जुन्या आयकर कायद्यातल्या १९४आर कलमाबद्दल ऐकलं असावं. तो नियम १ जुलै २०२२ पासून आला. धंदेवाल्याला धंद्याच्या संबंधात वर्षात २०,००० च्या वर भेट किंवा फायदा दिला, तर देणाऱ्याने १० टक्के टीडीएस कापायचा. तुमच्याकडे त्याचा खरा संबंध बँकेशी नाही, सुरतेच्या व्यापाऱ्याशी येतो. एवढ्या गाठी माल उचला, दुबईची ट्रिप घ्या किंवा सोन्याचं नाणं घ्या, अशी स्कीम तुम्हाला मिळत असेल, तर ते धंद्याचं उत्पन्न आहे आणि त्यावर टीडीएस कापला गेलाय का, ते तपासा. बिलात सरळ दिलेला डिस्काउंट त्यात येत नाही, आयकर मंडळाने जून २०२२ च्या परिपत्रकातच तसा खुलासा केला होता.

अमेरिकेतल्या मैत्रिणीचंही खोटं नाही, फक्त ती गोष्ट वेगळी आहे. तिथल्या एका बँकेने खातं उघडून पैसे ठेवल्याबद्दल एका गृहस्थांना ५०,००० पॉइंट दिले, त्यांनी त्यातून विमानाचं तिकीट काढलं. २०१४ मध्ये तिथल्या कर न्यायालयाने त्या तिकिटाची ६६८ डॉलर किंमत ठेवीवरच्या व्याजासारखं उत्पन्न धरली. त्यांनी काही खरेदी केलीच नव्हती, मग सूट कशावरची? हा धागा आपल्यालाही धरता येतो. मैत्रिणीला कार्ड घ्यायला लावून मिळालेले रेफरल पॉइंट ही सूट नव्हे, ते कामाबद्दल मिळालेलं आहे, मोठी रक्कम असेल तर इतर उत्पन्नात दाखवा. कार्ड कंपनीच्या सोडतीत गाडी किंवा सोनं लागलं, तर त्यावर लॉटरीसारखा सरसकट ३० टक्के कर आणि वर सेस. आणि माइल्स एजंटला विकायचा विचार कुणी डोक्यात घातला असेल, तर तो काढून टाका. त्यात पैसे मिळाले तर ते उत्पन्न होतंच, पण विमान कंपनीला कळलं तर खातं बंद आणि तिकिटं रद्द.

आता त्या पाच लाखांकडे येते. ताई, मला खरी काळजी इथे वाटते. एका वर्षात कार्डाच्या बिलापोटी १० लाख किंवा त्याहून जास्त भरले, तर बँक ते आयकर खात्याला कळवत आली आहे. रोखीने भरले तर ही मर्यादा फक्त एक लाखाची. तुमच्या नावावर २२ लाख दिसतात. आयकराच्या साइटवर जाऊन तुमचं एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उघडून बघा. आकडा तिथे छापलेला सापडेल. रिटर्नमध्ये उत्पन्न आठ-नऊ लाख आणि कार्डावर २२ लाख असं दिसलं, की एवढे पैसे आणले कुठून, हा प्रश्न येणारच. १३ लाखांना तुमच्याकडे खरेदीची बिलं आहेत. ४ लाखांना घरचं उत्पन्न आहे. दिरांच्या एसीला काय आहे? बिल त्यांच्या नावावर, स्वाइप तुमचं, आणि पैसे त्यांनी पाकिटात घालून रोख दिले असतील, तर कागदावर तो खर्च तुमचाच. खर्चाचा स्रोत सांगता आला नाही, तर त्यावर वेगळ्या, चढ्या दराने कर लागू शकतो.

त्यातून तुम्हाला मिळालं काय? ४०,००० पॉइंट, म्हणजे तीन वर्षांत १२,००० रुपये. त्यासाठी नात्यातल्यांच्या १५ लाखांची जबाबदारी तुम्ही स्वतःच्या पॅनवर घेतलीत. दीर पैसे बुडवतील असं मी म्हणत नाही. पण त्यांना आठ दिवस उशीर झाला आणि तुम्हाला मिनिमम ड्यूवर भागवावं लागलं, असं गेल्या दोन महिन्यांत झालंय का, ते मनाशी आठवून बघा.

यापुढे हे बंद करा. वाईटपणा येत असेल, तर सीएंनी नको सांगितलंय म्हणा, ते खोटंही नाही होणार. झालेल्या व्यवहारांसाठी एक वही करा. तारीख, वस्तू, कुणासाठी, बिलाची प्रत आणि पैसे परत आल्याची बँकेतली नोंद. ज्यांचे पैसे अजून यायचेत, त्यांनी ते खात्यावर पाठवावेत, रोख नको.

याला लागूनच आणखी एक. घरगुती कार्ड धंद्यासाठी वापरायचं नाही, अशी अट पुष्कळ बँकांच्या करारात असते. त्याच त्या व्यापाऱ्याकडे महिन्याच्या महिन्याला मोठी रक्कम जाताना दिसली, की बँक पॉइंट गोठवू शकते, कार्डही बंद करू शकते. दुकानाच्या नावाने बिझनेस कार्ड काढा. पॉइंट थोडे कमी मिळतील, पण तुमचा हिशेब वेगळा राहील आणि कुठले पॉइंट दुकानाचे, हा प्रश्नच संपेल.

आता सिंगापूर. पॉइंट वळवायचे का, याला माझं उत्तर आहे, आज नाही. माइल्स एकदा तिकडे गेले की परत पॉइंट होऊन येत नाहीत, आणि तुमच्या पत्रात मला एक गोष्ट सापडली नाही. ते ४२,००० माइल्स तुम्ही कंपनीच्या तक्त्यात वाचलेत, की दिवाळीतली तारीख टाकून, दोन माणसं लिहून, जागा दिसल्यावर लिहिलेत? या दोन्हींत फार अंतर आहे. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरसारख्या योजनेत स्वस्त जागा ‘सेव्हर’ नावाने येतात, त्या मोजक्या असतात आणि दिवाळीच्या आठवड्यात तर आधीच उडालेल्या असतात. मग उरतात ‘ॲडव्हान्टेज’च्या जागा, त्यांना माइल्स बरेच जास्त लागतात. समजा माणशी ६०,००० लागले, तर दोघांचे १,२०,०००. तुमचे सगळे पॉइंट बोनससकट घातले तरी माइल्स होतात १,१०,०००. म्हणजे तुमचे पॉइंटही गेले आणि दुसरं तिकीट रोखीनेच काढायचं.

जागा मिळाली असं धरून चालू आणि पैशाचा हिशेब मांडू. एरवीच्या दिवसांत दोघांचं तिकीट ६८,०००. माइल्सने गेलात तरी करापोटी १८,००० भरायचेच, म्हणजे वाचले ५०,०००. त्यासाठी लागले ८४,००० माइल्स, बोनस नसताना १,६८,००० पॉइंट. पॉइंटला पडले जेमतेम ३० पैसे. एवढे तर तुम्हाला व्हाउचरमध्ये बसल्या जागी मिळतात! बोनस धरला तर १,३४,४०० पॉइंट पुरतात, भाव ३७ पैसे. दिवाळीच्या ५२,००० च्या तिकिटावर तोच भाव ६४ पैशांवर जातो, पण त्याच दिवसांत जागा नसते. माइल्सचे दुप्पट-तिप्पट पैसे झाल्याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील, त्या बहुतेक बिझनेस क्लासच्या असतात. ज्या तिकिटाला आपण खिशातून एरवी लाख रुपये घातलेच नसते, ते लाख वाचले असं मी धरत नाही.

मग जागा बघून नंतर वळवू, तोवर पॉइंट साठू देत, असं म्हणाल, तर तेही अमर्याद चालत नाही. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर ५ पॉइंटला ४ माइल्स मिळायचे, १ सप्टेंबर २०२३ पासून ते ५ ला २ झाले. लाख पॉइंटवाल्याचे ८०,००० माइल्स एका तारखेत ४०,००० वर आले. विमान कंपनीकडे ठेवले म्हणून सुरक्षित, असंही नाही. क्रिसफ्लायरचे माइल्स ३६ महिन्यांनी संपतात. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सभासदांचे पॉइंट दुसऱ्या योजनेत आणि दुसऱ्या नियमांखाली गेले. म्हणून पॉइंट वर्ष-दीड वर्षात वापरून मोकळं व्हावं, त्यांची शिल्लक बाळगू नये, असं मी सगळ्यांनाच सांगते.

एलटीएचं उत्तर लहान आहे. ती सवलत फक्त भारतातल्या प्रवासाला, तीही जुन्या करप्रणालीत. सिंगापूरला नाही. पुढे कधी देशात माइल्सने गेलात, तर मिस्टरांना खिशातून भरलेल्या भाड्यापुरतीच सूट मागता येईल, तिकिटाच्या बाजारभावाची नाही. दुकानाच्या कामासाठी माइल्सने तिकीट काढलंत, तरी खर्च तेवढाच लिहायचा.

आणि दिवाळीच का, ताई? दसरा-दिवाळी म्हणजे तुमच्या गल्ल्याचे दिवस, आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराईचा बस्ता सुरू. दुकान सोडून तुमचं मन सिंगापुरात रमेल असं मला वाटत नाही. पितृपंधरवड्याचा विचार करा. त्या दिवसांत साडी घ्यायला फारसं कुणी येत नाही, नवरात्राचा माल आधी भरून ठेवता येतो, आणि विमानाला गर्दीही दिवाळीच्या मानाने कमी. मुलीला तिची सुटी तेव्हा जमते का, ते विचारा.

तिचं जमलं, तर असं करा. आधी विमान कंपनीचं खातं तुमच्या स्वतःच्या नावाने उघडा, कारण बँका साधारणपणे कार्डधारकाच्याच खात्यात माइल्स पाठवतात. पासपोर्ट, कार्ड आणि ते खातं, तिन्हीकडे नाव अक्षर न अक्षर सारखं हवं. एकीकडे मधलं नाव आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरही ट्रान्सफर अडकते. मिस्टरांचं नाव नॉमिनी, म्हणजे तुमच्या माइल्सवर ज्याचं तिकीट काढता येईल असा माणूस, म्हणून घाला, क्रिसफ्लायरमध्ये पाच जणांची नावं घालता येतात. मग दोघांच्या, जायच्या आणि यायच्या अशा चारही जागा सेव्हरमध्ये दिसतात का बघा. दिसल्या, बोनस अजून चालू असला आणि कार्डाची बाकी शून्य असली, तर १,३४,४०० पॉइंट वळवा, सगळे नाही. माइल्स काही ठिकाणी लगेच जमा होतात, काही ठिकाणी दोन-चार दिवस लागतात, त्यामुळे आठवडाअखेर टाळून सोमवारी सकाळी वळवा. उरलेल्या ४१,६०० पॉइंटचं १२,४८० रुपयांचं व्हाउचर घ्या. चार जागा दिसल्या नाहीत, तर बोनसची तारीख जाऊ द्या, असे मेसेज परत येत असतात. सगळ्याच पॉइंटचं ५२,८०० रुपयांचं व्हाउचर घ्या, दिवाळीचा किराणा, कपडे त्यात बसवा, आणि घरखर्चाचे जे पैसे वाचतील त्यातून ३४,००० वाली तिकिटं साधी विकत घ्या.